वर्गणी एका वर्षाची, खजिना दीडशे वर्षांचा

बीडहून निघालात, मांजरसुंब्याला केज-अंबाजोगाईचा रस्ता धरलात की येळंबघाट मागे टाकून नेकनूर येतं. बाजारात बियाणं मिळतं, बैलाची झूल मिळते, मोबाइलचं रिचार्ज मिळतं. पण नुकत्याच निघालेल्या कादंबरीबद्दल जाणत्या माणसाने काय लिहिलंय, हे कुठे मिळतं? त्यासाठी लागतं पुस्तकांची परीक्षणं छापणारं मासिक. ते नेकनूरसारख्या गावात घरोघर येणं अवघड, म्हणून वाचनालयाने वर्गणी भरायची आणि गावाने वाचायचं, अशी ही जुनी सोय. आता त्या मासिकांचे जुने अंकही एकेक करून इंटरनेटवर येऊ लागलेत. या साऱ्या मामल्यातल्या काही चटकदार गोष्टी, नेकनूरच्या पारावर बसून वाचण्यासाठी.

१. चाळीस फुटी 'अंक'

जुनं लेखन जपून ठेवायचं म्हटलं की आपल्या भागाचा दाखला शेजारीच आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी 'पंचीकरण' हा विषय चक्क कापडावर लिहिला. हीच ती प्रसिद्ध पासोडी. लांबी २४ हात, म्हणजे जवळपास ४० फूट. कागदाला वाळवी लागते, पान फाटतं, शिवण उसवते, पण ही पासोडी चार शतकं टिकली. मराठवाड्यात अर्काइव्ह नव्हतं असं कुणी म्हणालं, तर त्याला आधी अंबाजोगाईला धाडा.

२. एक माणूस, ८४ अंक

मासिक म्हटलं की संपादक, उपसंपादक, लेखक, मुद्रितशोधक असा गोतावळा डोळ्यांपुढे येतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' काढली आणि सात वर्षांत तिचे ८४ अंक जवळजवळ एकहाती लिहून काढले. बत्तिसाव्या वर्षी ते गेले. आज एखाद्या वाचनालयाने 'निबंधमाले'चा बांधीव खंड घेतला, तर एका माणसाची पूर्ण लेखनशाळाच कपाटात येते.

३. कादंबरी, पण हप्त्याने

१८६७ मध्ये सुरू झालेलं 'विविधज्ञानविस्तार' १९३७ पर्यंत, म्हणजे ७० वर्षं चाललं. ग्रंथपरीक्षण, इतिहास, भाषा, विज्ञान असं सगळं त्यात असे. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. ती आधी याच मासिकातून क्रमशः आली. म्हणजे मालिकेचा पुढचा भाग कधी येतो, याची हुरहुर मराठी माणसाला टीव्हीच्या शंभर वर्षं आधीपासून ठाऊक आहे.

४. मराठी मासिक, मुक्काम कोचीन

१८८६ मध्ये 'केरळकोकिळ' नावाचं मराठी मासिक निघालं आणि तेही थेट कोचीनहून! संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये. त्यातली पुस्तक परीक्षणं चांगलीच गाजली. त्याच सुमाराला, १८८७ मध्ये, जळगावहून नारायण नरसिंह फडणीसांनी 'काव्यरत्नावली' काढली. तिच्यात फक्त कविता. केवळ कवितेवर मासिक चालेल का, या शंकेला तिने जवळपास पन्नास वर्षं जिवंत राहून उत्तर दिलं. १९३५ पर्यंत ती चालू होती.

मुंबई-पुण्याबाहेरून साहित्याचं मासिक निघत नाही, हा समज त्यामुळे तेव्हाच मोडला. पुढे बडोद्याहून पु. आ. चित्रे यांचं 'अभिरुची' निघालं (१९४३), धुळ्याहून 'कवितारती' निघालं, वाईहून 'नवभारत' निघालं. सातासमुद्रापलीकडे टोरांटोच्या मराठी मंडळींनीही 'एकता' काढलं.

५. आजगावकरांचे झाले मित्र

'मासिक मनोरंजन'चे संपादक काशिनाथ रघुनाथ आजगावकर यांना बंगाली साहित्याची एवढी ओढ, की त्यांनी आडनावच 'मित्र' लावून घेतलं. १९०९ मध्ये त्यांनी काढलेला अंक मराठीतला पहिला दिवाळी अंक मानला जातो. पुढे ती अशी रीत झाली, की दरवर्षी शेकडो दिवाळी अंक निघू लागले.

वाचनालयांनी त्यावर आपली योजना बसवली. ठरावीक रक्कम भरा, पुढचे दोन-तीन महिने एकेक अंक घरी न्या, वाचा, परत करा, दुसरा घ्या. एका अंकाच्या पैशात डझनावारी अंक. गावातल्या वाचकाला याहून स्वस्त सौदा कुठे मिळायचा?

६. संप झाला आणि मासिक जन्मलं

न्यूयॉर्कमध्ये १९६२-६३ च्या हिवाळ्यात वर्तमानपत्रांच्या छापखान्यांचा मोठा संप झाला. वर्तमानपत्रं नाहीत म्हणजे परीक्षणं नाहीत, आणि प्रकाशकांना जाहिराती द्यायला जागा नाही. ही पोकळी हेरून 'न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स' निघालं. लंडनमध्ये 'द टाइम्स' जवळजवळ वर्षभर बंद राहिला, त्याबरोबर त्याची साहित्य पुरवणीही बंद. तेव्हा १९७९ मध्ये 'लंडन रिव्ह्यू ऑफ बुक्स'चा जन्म झाला. गंमत म्हणजे पहिले काही महिने हे लंडनचं बाळ न्यूयॉर्कच्या अंकाच्या पोटात घडी घालून वाचकांकडे जात होतं. आज ही दोन्ही नियतकालिकं वर्गणीदारांना नव्या अंकासोबत जुन्या अंकांचा ऑनलाइन खजिनाही उघडून देतात. आपल्या लेखाचं मूळ सूत्र हेच.

७. परीक्षण कुणाचं? सांगणार नाही!

लंडनच्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'मध्ये १९०२ पासून परीक्षणाखाली नावच नसे. वाभाडे कुणी काढले, हे लेखकाला कळायचंच नाही. १९७४ मध्ये नावं छापायला सुरुवात झाली.

मराठीत हाच डाव वेगळ्या ढंगाने खेळला गेला. मॅजेस्टिक प्रकाशनाच्या केशवराव कोठावळे यांनी १९६४ मध्ये 'ललित' हे पुस्तकांना वाहिलेलं मासिक सुरू केलं. त्यात 'ठणठणपाळ' नावाचा कुणी अवलिया साहित्यिकांच्या टोप्या उडवू लागला. हा ठणठणपाळ म्हणजे जयवंत दळवी. आणि त्याला चेहरामोहरा दिला तो वसंत सरवट्यांच्या चित्रांनी. ज्यांची टोपी उडाली तेही अंक आला की आधी ते पान उघडत. आपलं नाव त्यात नाही, याचंच काहींना जास्त वाईट वाटत असणार!

८. ज्याची होळी झाली ते मासिक

मौज प्रकाशनाचं 'सत्यकथा' १९३३ ते १९८२ चाललं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या हाताखाली त्यात छापून येणं म्हणजे लेखक झाल्याचा शिक्का. आलेल्या कथेवर संपादक लेखकाशी पत्रापत्री करत, पुन्हा लिहायला लावत. पण शिक्का आला की त्याविरुद्ध बंडही येतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस राजा ढाले आणि स्वतःची छोटी, अनियमित निघणारी लघुअनियतकालिकं काढणाऱ्या तरुणांनी 'सत्यकथे'च्या अंकाची चक्क होळी केली. आज त्या बंडखोरांची चोपडी आणि 'सत्यकथे'चे अंक, दोन्हींसाठी संशोधक सारख्याच तळमळीने वाचनालयं धुंडाळतात. कपाटात दोघं शेजारी बसतात, भांडत नाहीत.

९. आजीव म्हणजे कुणाचा जीव?

मराठी मासिकांच्या वर्गणीचे प्रकार ऐका: वार्षिक, त्रैवार्षिक, पंचवार्षिक आणि आजीव. आजीव वर्गणीत एकदाच रक्कम भरायची आणि आयुष्यभर अंक घ्यायचा. हिशेब वाचकाच्या आयुष्याचा, पण बऱ्याचदा मासिकाचाच जीव आधी जातो. संस्थेला ही वर्गणी आणखी सोयीची, कारण वाचनालय काही मरत नाही. म्हणूनच काही संपादक 'आजीव' फक्त व्यक्तींसाठी ठेवतात आणि संस्थांना दरवर्षी पावती फाडायला लावतात. संस्थेचा दरही थोडा चढा असतो. एक अंक घरात चार जण वाचतात, वाचनालयात चाळीस.

१०. बंदी आली? नाव बदला!

नेकनूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. शाळेत, कचेरीत उर्दूचा मान आणि मराठी छापील मजकुरावर सरकारचा डोळा. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ च्या सुमारास 'मराठवाडा' साप्ताहिक काढलं ते पुण्याहून, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेरून. हैदराबादने बंदी घातली की तोच मजकूर नव्या नावाने निघे. त्या नावावर बंदी आली की पुढचं नाव. वर्गणीदाराची मात्र पंचाईत: आपण नक्की कशाचे वर्गणीदार? आज याचे सगळे अंक एका जागी लावायचे म्हटलं, तर सूची करणाऱ्यालाच घाम फुटेल.

११. कायद्यात पुण्याच्या पुढे

हे वाचून नेकनूरकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये केला. हैदराबाद राज्याने आपला ग्रंथालय कायदा १९५५ मध्ये केला, तेव्हा बीड जिल्हा त्याच राज्यात होता. महाराष्ट्राचा कायदा आला १९६७ मध्ये. म्हणजे ग्रंथालयाच्या कायद्यात मराठवाडा पुण्या-मुंबईच्या डझनभर वर्षं पुढे! कायदा कागदावर पुढे होता आणि कपाटं मागे, हा भाग वेगळा.

आजची रचना १९६७ च्या कायद्यावर उभी आहे. वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग, आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान. पुस्तकं किती, वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं किती येतात, दार किती तास उघडं असतं, यावर वर्ग ठरतो. म्हणजे मासिकाची वर्गणी ही नुसती हौस नाही, वाचनालयाचा दर्जा वाढवणारी बाब आहे.

१२. मठातून मासिकापर्यंत

नेकनूर म्हटलं की वारकऱ्यांना बंकटस्वामींचा मठ आठवतो. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, त्या कामातल्या सहकाऱ्यांत बंकटस्वामी होते आणि सोनोपंत दांडेकरही. याच दांडेकरांनी पुढे 'प्रसाद' मासिकाचं संपादन केलं. कीर्तनाच्या फडातून छापील मासिकाकडे जाणारी वाट अशी सरळ आहे. शेवटी कीर्तनकार तरी काय करतो? जुनी ओवी घेतो आणि तिच्यावर भाष्य करतो. परीक्षण याहून वेगळं नसतं.

१३. मराठवाड्याची आपली मासिकं

मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान' औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून निघतं. त्याच शहरात गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' उभं केलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून दलित साहित्याचे कितीतरी लेखक, कवी, समीक्षक याच नियतकालिकाने वाचकांपुढे आणले. पानतावणे यांना २०१८ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्याच वर्षी ते गेले. आणि १९८३ मध्ये अंबाजोगाईला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर. थोडक्यात, मराठवाड्याचा वाचक कधी उपाशी नव्हता. वाढणारे हात तेवढे मोजके होते.

१४. चार प्रती सरकारजमा

१९५४ च्या केंद्रीय कायद्यानुसार देशात छापलेल्या पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना पाठवणं प्रकाशकावर बंधनकारक आहे. दोन वर्षांनी नियतकालिकंही त्यात आली. ही ग्रंथालयं चार: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. म्हणजे बीडमध्ये छापलेला अंक बीडमध्ये सापडणार नाही, पण कोलकात्यात सापडू शकतो. अर्थात संपादकाने पाठवला असेल तर.

१५. पंचवीस पैशांचा प्रवास

नोंदणीकृत नियतकालिकांना टपालाची सवलत असते. अनेक वर्षं ५० ग्रॅमपर्यंतच्या अंकाचा टपालखर्च होता २५ पैसे. चहाच्या घोटाएवढेही पैसे नाहीत, पण अंक मुंबईहून नेकनूरला! म्हणून तर छोटी मासिकं पातळ कागदावर छापली जात आणि संपादक तराजू घेऊन बसत. वजन जरा वाढलं की हजार अंकांचा हिशेब कोलमडायचा. उलट बाजू अशी, की सवलतीचा अंक नोंद करून येत नाही, त्यामुळे वाटेत हरवला तर दाद कुठे मागायची? 'गेल्या महिन्याचा अंक मिळाला नाही, कृपया पुन्हा पाठवावा' हे पोस्टकार्ड मराठी मासिकांच्या कचेरीत सर्वांत जास्त वेळा आलेलं साहित्य असावं.

१६. बाइंडरने खाल्लेलं मुखपृष्ठ

वाचनालयात वर्षाचे सुटे अंक बांधून खंड करतात. बाइंडर काय करतो ते जवळून बघा. आधी पिना काढतो. मग मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं वेगळी करतो, कारण जाडी वाढते. उरलेलं शिवतो, कडा कापतो, पुठ्ठा लावतो, पाठीवर नाव-साल टाकतो. खंड देखणा होतो, पण चित्रकार दलालांनी किंवा सरवट्यांनी काढलेलं चित्र रद्दीत जातं. साबणाची, टॉनिकची, 'बिनाका' टूथपेस्टची जाहिरातही जाते, आणि समाजाचा इतिहास लिहिणाऱ्याला नेमकी तीच हवी असते. पुढे स्कॅनिंग होतं ते या बांधीव खंडांचं. म्हणून ऑनलाइन अंकात पान १ दिसतं, त्याच्या आधीचं दिसत नाही.

त्याआधीची गळती तर आणखी मोठी. पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत चढतं, त्याला क्रमांक मिळतो. सुटा अंक नियतकालिकांच्या वहीत टिक करून मोकळा. बांधणी झाली नाही तर त्याला क्रमांक नाही, आणि क्रमांक नाही त्याला वाली नाही. दिवाळीच्या साफसफाईत तो किलोच्या भावाने जातो.

१७. कपाट पुरेना म्हणून

जगातल्या संशोधन-नियतकालिकांचं 'जेस्टोर' हे मोठं ऑनलाइन भांडार १९९५ मध्ये सुरू झालं. कारण फार साधं होतं: अमेरिकेतल्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत जुने अंक ठेवायला कपाटं पुरत नव्हती. नवी इमारत बांधण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एकदाच स्कॅन करू, असा हिशोब विल्यम बोवेन यांनी मांडला. आपल्याकडच्या वाचनालयांची अडचणही जागेचीच. आपण मात्र ती रद्दीवाल्याच्या मदतीने सोडवली.

१८. कागद तुमचा, लॉगिन भाड्याचं

ही गोष्ट वर्गणी भरण्याआधी नीट समजून घ्या. छापील अंकाची वर्गणी बंद केली तरी आलेले अंक तुमचेच. ऑनलाइन वर्गणी बंद केली की बऱ्याच ठिकाणी जुन्या अंकांचंही दार बंद. दहा वर्षं पैसे भरले तरी हातात काही उरत नाही. शिवाय संस्थेची ऑनलाइन वर्गणी बहुधा इमारतीतल्या इंटरनेट जोडणीपुरती असते. म्हणजे आवारात बसाल तर वाचाल, घरी गेलात की कुलूप. म्हणून शहाणी ग्रंथालयं करारातच विचारून घेतात: वर्गणी थांबली तर भरलेल्या वर्षांचे अंक पाहता येतील का? घरून वाचता येईल का? आणि प्रत छापून घेता येईल का?

१९. 'नाव' शोधा, 'नांव' लपतं

जुना अंक स्कॅन झाला म्हणजे शोधता येतोच असं नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या अंकांत 'नांव', 'कांहीं', 'पुस्तकें'. तुम्ही शोधपेटीत आजचं रूप टाकता, संगणक मान हलवतो. युक्ती सोपी: जुन्या अंकांत शोधताना दोन्ही रूपं टाकून बघा.

नव्या अंकांची तऱ्हा वेगळी. १९९० नंतरची कित्येक मासिकं 'श्रीलिपी'सारख्या फॉन्टमध्ये जुळवली गेली. डोळ्याला मराठी झकास दिसतं, पण मजकूर कॉपी केला की इंग्रजी अक्षरांची खिचडी बाहेर पडते. त्यामुळे १९९५ चा अंक शोधणं कधीकधी १८९५ च्या अंकाइतकंच जिकिरीचं होतं.

२०. संगणकाआधीचा शोध

संगणक यायच्या आधी शंकर गणेश दाते नावाच्या माणसाने १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची तयार केली. ती १९४३ मध्ये छापून आली. गावोगावची ग्रंथालयं पालथी घालायची, पुस्तक हातात घ्यायचं, नोंद करायची, असं हे काम. पुढे १९५० पर्यंतचा दुसरा खंडही त्यांनी दिला. मराठी पुस्तकांचं पहिलं 'सर्च इंजिन' दोन पायांवर चालत होतं.

२१. टागोरांमुळे दहा वर्षं जास्त

जुने अंक सरसकट ऑनलाइन का टाकत नाहीत? लेखकाचा हक्क. भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. आधी ५० होता. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, त्यांचे हक्क १९९१ अखेर संपत होते, तेव्हा सरकारने मुदतच दहा वर्षांनी वाढवली. १९५० मध्ये गेलेल्या साने गुरुजींचं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं झालं. मासिकाच्या एका अंकात वीस लेखक असतील तर वीस तारखा बघाव्या लागतात. एका कथेचा हक्क संपलेला, शेजारच्या कवितेचा चालू. संपादकाने परवानगीचं पत्र तरी कुणाच्या पत्त्यावर पाठवायचं?

२२. सहा हजार कोटींत मराठी किती?

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० संशोधन-नियतकालिकं. सरकारी विद्यापीठं आणि कॉलेजांतल्या मुलांना ती फुकट वाचता येतात. उत्तम. पण ही नियतकालिकं आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची, आणि योजना उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी. गावाच्या वाचनालयाला तिचं दार नाही. मराठी मासिकाची वर्गणी अजूनही गावालाच भरायची आहे.

२३. फुकटात काय मिळतं?

बरंच. १५ ऑगस्ट १९४८ ला साने गुरुजींनी सुरू केलेल्या 'साधना' साप्ताहिकाने आपले जुने अंक ऑनलाइन आणलेत. नागपूरच्या 'आजचा सुधारक'चे १९९० पासूनचे लेख इंटरनेटवर आहेत. हक्क संपलेली कितीतरी जुनी मराठी पुस्तकं आणि मासिकांचे खंड 'इंटरनेट अर्काइव्ह'वर सापडतात. 'बहुविध'वरचं 'पुनश्च' हे सदर जुन्या मासिकांतले निवडक लेख नव्याने वाचायला देतं, त्यासाठी मात्र वर्गणी आहे. निवड कुणीतरी करून दिली तर वाचकाचा वेळ वाचतो, त्याचेच ते पैसे.

२४. कोयत्याबरोबर जाणारं वाचनालय

बीड जिल्हा ऊसतोड मजुरांचा. दिवाळी झाली की गाडी निघते ती पश्चिम महाराष्ट्राकडे नाहीतर कर्नाटकाकडे, परत यायला उन्हाळा उजाडतो. म्हणजे दिवाळी अंकांची योजना सुरू होते नेमकी तेव्हाच अर्धं गाव बाहेर असतं. पोस्टमन अंक ऊसतोड्यांच्या कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, आणून देत नाही. पण फोन सोबत असतो. नेकनूरच्या वाचनालयाचं लॉगिन उसाच्या फडावरच्या पोराला चाललं, तर त्याच्यासाठी वर्गणीचा तो पैसा सर्वांत सार्थकी लागला. ऑनलाइन अंकांचा खरा उपयोग शहरातल्या संशोधकापेक्षा या मुलाला जास्त आहे.

आता तुमचं काम

गावातल्या किंवा जवळच्या वाचनालयात जा आणि विचारा: पुस्तकांवर लिहिणारं एक तरी मासिक येतं का? येत नसेल तर लेखी अर्ज द्या. पैशाची अडचण सांगितली तर चार-पाच मित्र मिळून वर्षाची वर्गणी भरा, अंक मात्र वाचनालयाच्या पत्त्यावर मागवा, म्हणजे नोंद राहते. संपादकांना एक पत्र लिहून विचारा की संस्थेच्या वर्गणीत जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतील का. वर्षअखेर अंक बांधायला द्या आणि बाइंडरला बजावून सांगा, मुखपृष्ठं काढायची नाहीत. खंडाला दाखल क्रमांक घालून घ्या. आणि घरात कुणाचे जुने 'ललित', 'सत्यकथा', 'अस्मितादर्श', 'प्रतिष्ठान' पडून असतील, तर रद्दीवाल्याच्या आधी ग्रंथपालाला फोन करा.